ते एक वाक्य खोडून टाक

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू टेनिस कोर्टावरून सरळ सायकल काढून निघून गेलीस. नेटसुद्धा उतरवलं नाहीस. मी हाक मारली नाही, कारण त्या क्षणी बोलले असते तर रागाने बोलले असते. म्हणून आज लिहायला बसले आहे. राग अजून गेलेला नाही, पण लिहिताना निदान हात थांबवता येतो.

पुण्याचे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी तुला घरी ठेवून घ्यायला तयार आहेत. राहणं, जेवण, अ‍ॅकॅडमीची फी, बारावीपर्यंतचं कॉलेज, सगळं ते बघणार. तू त्यांना ‘तीन दिवसांनी सांगते’ म्हणालीस आणि मला म्हणालीस, ‘‘मॅडम, मला कुणाच्या उपकारांवर मोठं व्हायचं नाही. तुम्ही नाही का स्वतःच्या हिमतीवर केलंत? अल्थिया गिब्सननेही एकटीनेच केलं.’’

माझ्याबद्दल जे म्हणालीस त्याच्याकडे नंतर येते. आधी अल्थिया, अमेरिकेची ती कृष्णवर्णीय टेनिस खेळाडू.

वक्तृत्व स्पर्धेतलं तिच्यावरचं तुझं भाषण मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं होतं. चांगलं बोललीस. पण शेवटचं वाक्य होतं, ‘कुणाच्याही मदतीशिवाय, एकटीच्या बळावर तिने इतिहास घडवला.’ टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ढाल छातीशी धरून तू इतकी आनंदात होतीस की जीभ उचलली नाही. ते वाक्य खोटं आहे. आणि आज तू त्याच खोट्या वाक्यावर भार टाकून आयुष्याचा निर्णय घ्यायला निघाली आहेस, म्हणून मला गप्प बसवत नाही.

तिचा जन्म १९२७चा, दक्षिण कॅरोलायनातल्या सिल्व्हर नावाच्या लहानशा गावातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. १९३०च्या सुमारास हे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आलं. तू भाषणात ‘गरिबीतून वर आली’ एवढं म्हणून पुढे गेलीस. पण तिच्या घरासमोरच्या रस्त्याचं काय? पश्चिम १४३वा रस्ता. पोलिसांच्या खेळमंडळाने तो दिवसा गाड्यांना बंद केला होता, मुलांना खेळायला मिळावं म्हणून. तिथे पॅडल टेनिसची आखणी होती, लाकडी फळीसारख्या बॅटने खेळतात ते. अगदी तिच्या दारात. बाराव्या वर्षी, १९३९मध्ये, ती न्यूयॉर्क शहराची महिलांमधली पॅडल टेनिस विजेती झाली. कुणीतरी तो रस्ता अडवला होता म्हणून. हा पहिला हात. तो तिने मागितलाही नव्हता.

दुसरा हात बडी वॉकर नावाच्या वादकाचा. रात्री बँडमध्ये वाजवायचा आणि उन्हाळ्यात दिवसा त्या रस्त्यावरच्या मुलांवर देखरेख करायचा. त्याने तिच्यातलं काही पाहिलं आणि पदरच्या पैशांनी तिला जुन्या रॅकेटी घेऊन दिल्या. मग हार्लेमच्या कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबमध्ये तिला नेलं. तिथल्या लोकांनी वर्गणी काढून तिचं सभासदत्व आणि शिकवणीचे पैसे भरले. शिकवायला फ्रेड जॉन्सन, एका हाताचा प्रशिक्षक. एका हाताने चेंडू उडवून त्याच हाताने सर्व्हिस करणारा माणूस! त्याच्याकडे शिकायला गेलेली ही पोर कशी होती माहीत आहे? शाळा बुडवणारी, रस्त्यावर मारामाऱ्या करणारी, वडिलांचा मार चुकवायला घरातून पळून मुलांच्या आश्रयगृहात राहून आलेली. हरायला लागली की समोरच्या खेळाडूला ठोसा मारावासा वाटायचा तिला. अशा मुलीवर लोकांनी वर्गणी काढली. आणि तिने ती घेतली. हात पुढे आला, तिने धरला.

तुझ्यासारखी तीन दिवस मागून घेतले नाहीत तिने, असं लिहिणार होते. पण ते बरोबर होणार नाही. तिनेही मागे-पुढे केलं होतं. ते पुढे येतं.

१९४६ साली ओहायोतल्या विल्बरफोर्स कॉलेजात एटीएची राष्ट्रीय स्पर्धा होती. एटीए म्हणजे अमेरिकन टेनिस असोसिएशन, कृष्णवर्णीयांनी १९१६मध्ये स्वतःसाठी उभारलेली संघटना, कारण गोऱ्यांची संघटना त्यांना आपल्या स्पर्धांत घेत नव्हती. अल्थिया महिलांच्या अंतिम सामन्यात रूमेनिया पीटर्सकडून हरली. हरलेला सामना, लक्षात घे. आणि तो पाहत होते दोन डॉक्टर: नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचे ह्युबर्ट ईटन आणि व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. दोघांच्याही घरी टेनिस कोर्ट होतं, कारण सार्वजनिक कोर्टांवर त्यांना मज्जावच होता. दोघांनी ठरवलं, या मुलीला वाढवायचं. शाळेच्या दिवसांत ईटनांच्या घरी राहायचं, उन्हाळ्यात जॉन्सनांकडे राहून त्यांच्याबरोबर गाडीतून स्पर्धा फिरायच्या. डॉक्टर कुटुंब, परक्या गावातलं घर, राहण्या-जेवण्याची सोय, शिक्षण. ओळखीचं वाटतंय ना तुला? मला परवा तू बोलत असताना अंगावर काटा आला होता.

इथे ती अडखळली. दक्षिणेत जायचं म्हणजे बसमध्ये मागे बसायचं, सिनेमात वेगळ्या जागी बसायचं. हार्लेममध्ये वाढलेल्या मुलीला ते कसं सोसवणार? शिवाय अट होती: आधी शाळा पूर्ण कर. एकोणीस वर्षांची ही मुलगी, तिला आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर दहावीच्या वर्गात बसायचं होतं. तिने विचारलं ते शुगर रे रॉबिन्सनला, त्या मोठ्या मुष्टियोद्ध्याला, कारण त्याच्याशी आणि त्याच्या बायकोशी तिची मैत्री होती. त्याने सांगितलं, जा. पुढे काहीही केलंस तरी शिक्षणाने ते जास्त चांगलं करशील. ती गेली. ईटनांच्या घरचे नियम तिला सोपे गेले नाहीत. जेवणाची वेळ, झोपायची वेळ, कुठे जातेस ते सांगून जायचं. कुणी तिला कधी असं विचारलंच नव्हतं. पण ती टिकली. १९४९मध्ये विलिस्टन हायस्कूलमधून बाहेर पडली आणि फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली. १९४७पासून १९५६पर्यंत ओळीने दहा वर्षं एटीएचं महिला विजेतेपद तिच्याकडे राहिलं.

आता सांग, यातलं ‘एकटीच्या बळावर’ कुठे आहे?

तू म्हणशील, बळ तिचंच होतं. होतंच की. ती सर्व्हिस तिचीच, ती उंची, नेटवर झेपावणं, सगळं तिचंच. ते तुला समजावून सांगायची गरज नाही. तुझ्या अंगात काय आहे हे तुला आणि मला दोघींना ठाऊक आहे, त्याचं कौतुक या पत्रात मी करणार नाही. मी बोलते आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. हात पुढे आला की धरण्याबद्दल. ही वेगळी कला आहे आणि ती तुला येत नाही. मलाही आली नाही.

पुढचं ऐक. १९५०. एटीएची विजेती झाली तरी फॉरेस्ट हिल्सवरच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंदच. नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं की कृष्णवर्णीय नको. पण तिथे बोलावणं यायचं ते गोऱ्यांच्या क्लबांतल्या स्पर्धांत काय केलं ते पाहून, आणि ते क्लब तिला खेळूच देत नसत. न्यू जर्सीतल्या एका क्लबने त्याच वर्षी तिचा अर्ज नाकारला. तेव्हा अ‍ॅलिस मार्बल उभी राहिली. गोरी, विम्बल्डन जिंकलेली, अमेरिकेचं विजेतेपद चार वेळा मिळवलेली. जुलै १९५०च्या टेनिसच्या मासिकात तिने आपल्याच लोकांना जाहीर पत्र लिहिलं: हा खेळ सभ्य स्त्री-पुरुषांचा म्हणवता, तर ढोंग सोडा आणि सभ्यासारखं वागा. त्या पत्राने दार किलकिलं झालं. ऑगस्टमध्ये, तेविसाव्या वाढदिवसानंतर काहीच दिवसांनी, अल्थिया फॉरेस्ट हिल्सवर पहिला सामना खेळली आणि जिंकली. दुसऱ्या फेरीत समोर लुईस ब्रॉ, ओळीने तीन वर्षं विम्बल्डन जिंकलेली. पहिला सेट १-६ गेला, दुसरा ६-३ घेतला, तिसऱ्यात अल्थिया ७-६ पुढे. आणि आभाळ फाटलं. विजा इतक्या की स्टेडियमवरचा दगडी गरुड कोसळला. सामना दुसऱ्या दिवसावर गेला. त्या रात्री तिला झोप लागली असेल असं मला वाटत नाही. सकाळी तीन गेम, तिन्ही ब्रॉचे. ९-७.

हा सामना मी मनात किती वेळा खेळले असेन.

आणि मग काय झालं ते कुणी भाषणात सांगत नाही, कारण ते भाषणाला शोभत नाही. पुढची पाच वर्षं जवळपास काहीच झालं नाही. पदवी घेतली, मिसुरीतल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायला लागली. हौशी खेळात पैसा नव्हता. बक्षीस म्हणून चषक मिळायचा आणि भाडं स्वतःचं स्वतः भरायचं. टेनिस सोडून लष्करात भरती व्हायचं तिच्या मनात पक्कं होत आलं होतं. तिचा प्रशिक्षक सिडनी लुएलिन तिला थांबवत होता. तेवढ्यात १९५५मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने तिला आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर पाठवायचं ठरवलं.

इथे जरा थांब, कारण तुझा खरा प्रश्न इथे आहे. तू म्हणालीस ना, ‘त्यांचा काहीतरी हेतू असेल’? असेल. अमेरिकी सरकारचाही होता. त्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला हालहाल करून मारलं होतं आणि मारणारे सुटले होते. जगभर अमेरिकेची छीथू होत होती. अशा वेळी एक कृष्णवर्णीय खेळाडू परदेशात हसतमुखाने खेळताना दिसणं त्यांना हवंच होतं. देणाऱ्याचे हात काही धुतलेले नव्हते. तरी ती गेली. ब्रह्मदेश, श्रीलंका, पाकिस्तान, आणि आपला भारत. महिनोन्‌महिने रोज खेळायला मिळालं, जे घरी मिळत नव्हतं. लष्कर मागे राहिलं. आणि या दौऱ्यात, आपल्याच देशात, तिला अँजेला बक्स्टन भेटली. इंग्लंडची, ज्यू, त्यामुळे क्लबांची बंद दारं तिनेही पाहिलेली. दोघींशी फारसं कुणी खेळायला मागत नव्हतं, म्हणून त्या एकमेकींशी जोडी लावून खेळल्या. १९५६मध्ये अल्थियाने पॅरिसला एकेरी जिंकली, ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पुरुषांतसुद्धा तोवर कुणी नव्हतं. त्याच वर्षी पॅरिसची आणि विम्बल्डनची दुहेरी दोघींनी मिळून घेतली.

हेतू तपासत बसली असती तर १९५७ आलंच नसतं.

१९५७ तुला पाठ आहे. विम्बल्डनला डार्लीन हार्ड ६-३, ६-२. राणी एलिझाबेथच्या हातून थाळी. ब्रॉडवेवर कागदांच्या पावसात मिरवणूक. मग फॉरेस्ट हिल्सवर अंतिम सामन्यात तीच लुईस ब्रॉ, आणि या वेळी ६-३, ६-२. १९५८ला दोन्ही पुन्हा. पण १९५७च्याच उन्हाळ्यातली एक गोष्टही पाठ कर: राणीशी हात मिळवून आल्यावर काहीच दिवसांत शिकागोजवळ स्पर्धेला गेली, तर तिथल्या हॉटेलांनी तिला खोली दिली नाही.

मदत घेतली म्हणून ती मिंधी झाली का? हेच तुला विचारायचं आहे, हो ना? नाही झाली. तिच्याच समाजातली वर्तमानपत्रं तिच्यावर टीका करत होती, की ही बोलत नाही, लढ्याचा झेंडा घेत नाही. ती म्हणायची, मी टेनिस खेळाडू आहे, तसंच मला मोजा. तिचं हे चुकलं असं म्हणणारे आजही आहेत. मी म्हणत नाही. इतक्यांचं देणं डोक्यावर असताना स्वतःचं तोंड स्वतःच्या ताब्यात ठेवणं सोपं नसतं. पुढे सिनेमात मोलकरणीचं काम मिळालं, तेव्हा मोडकी-तोडकी गुलामी बोली बोलायला तिने साफ नकार दिला. नाही म्हणायची ताकद मदत नाकारून येत नाही. तिने हात धरला, मान दिली नाही. तूही तेच कर. डॉक्टरांच्या घरी जेव, त्यांचे नियम पाळ, आणि बॅकहँड दोन हातांनी मारायचा की एका, हे तुझं तू ठरव.

आता माझं.

माझे वडील जिमखान्यात मार्कर होते, हे तुला माहीत आहे. सभासदांशी खेळायचं, चुना मारायचा, नेट बांधायचं. मी चेंडू वेचत शिकले. १९७९ साली, मी सतरा वर्षांची असताना, मुंबईच्या एका बाईंनी मला राज्य स्पर्धेत पाहिलं आणि घरी ठेवून घ्यायची तयारी दाखवली. त्या संध्याकाळी व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, ‘‘चला, मार्करच्या पोरीची जेवणाची सोय झाली.’’ वडिलांनी ऐकलं. मीही ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी नाही कळवलं. वडील काही बोलले नाहीत. त्यांची मान ताठ राहिली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

त्यांना खरं काय वाटलं ते मी कधी विचारलंच नाही.

नंतर बी.पी.एड. केलं, एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि नगरपालिकेचं हे पडीक कोर्ट दुरुस्त करून घेतलं. यालाच तू ‘स्वतःच्या हिमतीवर’ म्हणतेस. माझा बॅकहँड आयुष्यात सुधारला नाही. भिंतीवर मारून-मारून एका मर्यादेपर्यंत येतो. पुढे समोर आपल्यापेक्षा चांगलं खेळणारं माणूस लागतं. ते मुंबईत होतं. मी इथे भिंतीशी खेळत राहिले. आणि तरी सांगते, त्या व्हरांड्यातल्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. नाही म्हणाले ते सगळंच चूक होतं असंही मला पुरतं पटत नाही. मी गेले असते तर हे कोर्ट कुणी राखलं असतं? गेल्या वीस वर्षांत इथे ज्या मुली खेळल्या त्यांना कुणी उभं केलं असतं? तू कुठे शिकली असतीस?

बघ. पुन्हा तेच. ही सगळी उत्तरं मी नंतर तयार केली आहेत. १९७९मध्ये यातलं एकही माझ्याकडे नव्हतं. तेव्हा फक्त अपमान होता, आणि मी त्यालाच स्वाभिमान म्हटलं. तुझ्या तोंडून परवा माझंच वाक्य ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की मी तुम्हा मुलींना सर्व्हिस शिकवली, फूटवर्क शिकवलं, आणि न बोलता हेही शिकवलं.

अल्थियाचं शेवटचं राहिलं. १९५८ला ती हौशी खेळातून बाहेर पडली, कारण विजेतेपदाने घरभाडं भागत नव्हतं. बास्केटबॉलच्या सामन्यांआधी प्रदर्शनी टेनिस खेळली, त्यात मिळालेला पैसा स्वतःच्या दौऱ्यात बुडाला. सदतिसाव्या वर्षी, १९६४मध्ये, व्यावसायिक गोल्फमध्ये उतरली, तिथेही पहिली कृष्णवर्णीय स्त्री; काही क्लब कपडे बदलायला आत घेत नसत म्हणून गाडीत बदलायची. मग न्यू जर्सीत सरकारी काम केलं. पुढे पक्षाघाताचे झटके आले. औषधांना आणि भाड्याला पैसे नाहीत. आणि जिला रस्त्यापासून विम्बल्डनपर्यंत इतक्या हातांनी नेलं, ती आता कुणाला सांगेना. दार लावून बसली. वर्षानुवर्षं. जीव द्यायच्या टोकाला आल्यावर, १९९५च्या सुमारास, तिने एक फोन केला. अँजेलाला. अँजेलाने टेनिसच्या एका नियतकालिकातून लोकांना कळवलं, आणि जगभरातून पाकिटं यायला लागली. जवळपास १० लाख डॉलर. कुणीही तिला विसरलेलं नव्हतं. २००३मध्ये ती गेली, ती त्यानंतरची आठ वर्षं जगून.

त्या न केलेल्या फोनची वर्षं मला सगळ्यात जास्त छळतात. तरुणपणी घेता येत होतं तिला. मोठी झाल्यावर, नाव झाल्यावर येईना. तू तर अजून मोठीही झालेली नाहीस आणि तुला आत्ताच येत नाही. मुली, हात धर.

डॉक्टरांना उद्याच फोन कर. अटी काय आहेत ते मोकळेपणाने विचार. सुट्टीत घरी कधी येता येईल, खेळताना दुखापत झाली तर काय, दोन वर्षांनी काय. लाजायचं नाही. विचारण्याने उपकार लहान होत नाहीत. तुझ्या आईशी मी बोलले आहे. वडिलांशी बोलायला शनिवारी संध्याकाळी येते. ते काय म्हणतील याचा अंदाज मला आहे, आणि त्यांना काय विचारायचं तेही मला आता ठाऊक आहे. व्हरांड्यात कुणी काही बोललंच, तर माझ्याकडे पाठव.

रविवारी सकाळी पावणेसातची एसटी आहे. मी स्टँडवर असेन. तुझ्या दोन्ही रॅकेटींचं गटिंग, तारांचं विणकाम, नवीन करून घेतलं आहे, ग्रिपही बदलल्या. पैसे किती झाले ते विचारू नकोस, आणि ‘पुढच्या महिन्यात देते’ असंही म्हणू नकोस. हातात घे आणि गाडीत बस.

तुझी,
मॅडम